आजोबांच्या तलवारीला हळदकुंकू

माझ्या खोलीत कुणीतरी येऊन जातं, असा संशय मला एडिनबराला आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आला. बाजारातून परतलो की बंद केलेली खिडकी किलकिली उघडी असायची. देवीचा फोटो जरासा तिरपा झालेला. घरात माणसं दोनच, मी आणि ज्यांच्याकडे स्वयंपाकाला, सोबतीला राहत होतो ते स्कॉटिश आजोबा. तोंडावर त्यांना 'सर' म्हणायचो, मनात आजोबा.

नववीत शाळा सुटलेला माणूस मी. ज्यांच्याकडे स्वयंपाकी म्हणून या देशात आलो, त्या लंडनमधल्या स्टॅनमोरच्या वहिनींनीच हे काम मिळवून दिलं होतं. डोक्यावर छप्पर, अंगावर गरम कोट, तोही आजोबांचाच जुना. त्यांचं खातो आणि त्यांच्यावरच संशय घेतो, याची लाज वाटायची. पण काम गेलं की इथं राहायची परवानगीही जाणार, आणि गावाकडं बहिणीचं नर्सिंग माझ्यावर चाललेलं. म्हणून कान सतत टवकारलेले.

आजोबा दर रविवारी चर्चला जायचे. त्यांच्या चर्चमध्ये मूर्ती नाही, चित्र नाही, नुसत्या भिंती. एकदा सूप पिता पिता त्यांनी विचारलं, "त्या चित्रापुढं तू रोज वाकतोस?"

दार तर मी लावून घेतो. यांना चित्र दिसलं कुठून?

"कधीतरी, सर," मी म्हणालो. रोज वाकायचो.

फोनकार्ड खरवडून वहिनींना फोन लावला. "जपून राहा हं," त्या म्हणाल्या. "फार कडक असतात ते लोक. गोड बोलून बाटवतील तुला."

"मला बाटवून त्यांना काय मिळणार, वहिनी? कांदेपोहे?"

"हसू नकोस. तोंड बंद ठेव आणि काम टिकव."

दिवाणखान्यात फायरप्लेसच्या वर एक तलवार टांगलेली होती. तिच्यावरची धूळ मी पुसायचो. कुणाची, ते विचारायची छाती झाली नाही.

नवरात्रात घरी फोन केला. वडील फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. "आज खंडेनवमी," ते म्हणाले. "हत्यार पूजलंस का? आमच्या पलटणीत साहेबसुद्धा बूट काढून हात जोडायचे."

"इथं कुठलं हत्यार, आबा? भाजीची सुरी आहे."

"मग सुरी पूज. घरात असेल ते सगळं पूज. वगळू नको काही."

हुकूम म्हणजे हुकूम, या तालमीत वाढलेला मी. ओट्यावर सुरी पूजली आणि तलवार आठवली. सुरीला मान आणि तलवार तशीच? ज्यांचं खातो त्यांच्या घराण्याचं हत्यार ते. आजोबा चर्चच्या मीटिंगला गेले होते. तलवार उतरवून म्यानातून काढली, टेबलावर पांढरा टॉवेल अंथरून ठेवली, पात्यावर हळदकुंकवाची बोटं ओढली, बागेतलं पिवळं डेलिया वाहिलं. हात जोडून डोळे मिटले. उघडले तर आजोबा दारात, ओल्या कोटात.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"वडिलांनी, सर."

ते कोट न काढताच खुर्चीत बसले आणि सावकाश, मला कळेल असं बोलत राहिले. तलवार त्यांच्या खापरपणजोबांची. ते हिंदुस्थानात कंपनीच्या फौजेत होते. दसऱ्याला देवीची पालखी निघायची, तिला पलटणीनं बंदुकांची सलामी द्यायची, असा वरून हुकूम. खापरपणजोबा म्हणाले, शत्रूवर सांगाल तेव्हा गोळी झाडीन. मूर्तीच्या मानासाठी झाडणार नाही, माझ्या देवाला ते चालत नाही. हुकूम मोडला म्हणून नोकरी गेली. तेवढी तलवार घेऊन घरी आले.

"आणि त्याच तलवारीवर तू..." आजोबा थांबले. मग म्हणाले, "पूस ते. आत्ता."

मी फडकं उचललं. हात पुढं जाईना. आमच्यात कुंकू पुसणं म्हणजे काय, हे यांना कोणत्या इंग्रजीत सांगू?

"उद्या, सर. आज वाहिलेलं आज पुसत नाहीत."

"मी सांगतोय तरी?"

"तुम्ही सांगताय तरी."

आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही. आजोबा न जेवता वर गेले. मी बॅग भरून ठेवली.

सकाळी त्यांनी पॉरिज खाल्लं. मग कपाटातून तेलाची बाटली आणि मऊ फडकं आणून माझ्यापुढं ठेवलं. "आता चालेल?"

मी अक्षता टाकून तलवार जराशी हलवली आणि पुसली. तेल त्यांनीच लावलं. पुढं त्याविषयी चकार शब्द नाही. ती शांतताच मला भिववायची. टेलिफोनवर ते हळू बोलायला लागले की वाटायचं, माझ्या जागी दुसरा शोधताहेत.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला खाली आलो, तर फायरप्लेसवरची जागा रिकामी. तलवार आजोबांनी आपल्या खोलीत नेली होती आणि खोलीला कुलूप घातलं होतं. स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर पांढरा टॉवेल अंथरलेला. त्यावर घरातल्या सगळ्या सुऱ्या, कात्री, बागेतलं खुरपंसुद्धा, धार लावून ओळीनं मांडलेलं.

खंडेनवमी दरवर्षी निराळ्या तारखेला येते. त्यांना कळली कशी? घरात मराठी कॅलेंडर एकच, माझ्या खोलीत दारामागं लावलेलं. मागच्या वर्षीसारखाच यंदाही त्यावर मी लाल गोल केला होता.

म्हणजे येत होतेच.

रागवावं की पाया पडावं, ठरवता येईना. मी हळदकुंकवाची डबी उघडली आणि पहिलं बोट खुरप्याला लावलं.