तळहाताचं माप

"तुझ्या चिंध्यांनी माझं नाव बुडवलं, म्हातारे!" इनॉक स्टॅलर्ड अंगणातूनच ओरडला. खार पुन्हा निसटली होती. ड्रुसीने मक्याची कणसं सोलता सोलता मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. उत्तर द्यायचं तरी किती वेळा?

तसा म्हातारा उगाच कटकट करणारा नव्हे. पण टेनेसीच्या आमच्या डोंगरात नेमबाज म्हटला की पहिलं नाव इनॉकचं, आणि सफरचंदं उतरल्यापासून त्याची गोळी सारखी खाली पडत होती. त्याची बंदूक लांब नळीची, चकमकीची, आणि गोळी वाटाण्यापेक्षा थोडी मोठी. खारीच्या डोक्यात मारायची आणि रश्श्याचं मांस जसंच्या तसं घरी आणायचं, ही त्याची रीत. शिसं वितळवून गोळ्या तोच ओतायचा, बंदुकीची दारूही तोच मोजायचा. दारू ठेवायच्या शिंगाला दुसऱ्या कुणाला हात लावू देईल तर शपथ! ड्रुसीकडे काम एकच, चिंध्यांचं. जुन्या तागाच्या कापडाचे तुकडे करून चरबीत भिजवायचे. गोळी त्यात गुंडाळली की नळीत घट्ट बसते. चिंधी पातळ पडली, तर दारूचा जोर कडेने निसटतो आणि गोळी लंगडते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग काय, म्हाताऱ्याने सरळ बायकोला धरलं.

तिने गादीच्या खोळीचं जाड कापड कापून दिलं, तर गोळी ठासायचा गज नळीत अडकायला लागला.

"हे काय घोंगडं दिलंस?"

"पातळ नको, जाड नको. मग माझं कातडं सोलून देऊ का?"

हे भांडण तिला चाललं असतं. तसा संसारच भांडत केला होता. पण त्या रात्री जेवताना तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "शनिवारी गिरणीवर नेमबाजी आहे, बक्षीस बैलाचं मांस. तिथे लागली नाही, तर बंदूक त्या तरण्या वायली मलिन्सला देऊन टाकतो आणि चुलीपुढे बसतो." ड्रुसीने हातातला घास खाली ठेवला. तिचे वडील असेच एका हिवाळ्यात चुलीपुढे बसले होते, आणि मका पेरायच्या आत त्यांना पोचवावं लागलं होतं. रागावलेला नवरा तिला हवा होता. असा मऊ झालेला नको होता.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या सरावाच्या ओंडक्यापाशी गेली आणि गवतात पडलेल्या वापरलेल्या चिंध्या वेचू लागली. एकही फाटलेली नव्हती, एकही जळलेली नव्हती. मध्ये नुसता राखाडी डाग. कापडाचा दोष असता तर कडा करपल्या असत्या. "मेल्या, म्हणजे दारूच कमी घालतोयस!" ती एकटीच मोठ्याने म्हणाली. पण कमी कशी पडेल? बापाने शिकवलं तसंच तो मोजायचा. गोळी तळहातावर ठेवायची, शिंगातून दारू ओतायची आणि गोळी पुरती झाकली की थांबायचं. वायलीने शिंगाच्या टोकाचं मापटं कोरून घेतलं होतं, त्याला इनॉक वाण्याचं मापटं म्हणून हिणवायचा.

संध्याकाळी तो बंदूक भरत असताना ती मुद्दाम जवळ जाऊन उभी राहिली. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेल्या थंडीपासून हळूहळू आत वळत गेली होती. तळव्यातली शीर दोरीसारखी ताठली होती आणि तिच्या शेजारी खळगा पडला होता. गोळी घरंगळत त्या खळग्यात गेली आणि चिमूटभर दारूने दिसेनाशी झाली. म्हातारा समाधानाने थांबला.

याच हाताने याने तिला धरून पूर आलेली नदी पार करवली होती. तुझा हात म्हातारा झाला, हे सांगायचं कोणत्या तोंडाने?

"वायलीकडून एकदा मापटं तरी मागून बघ ना," ती एवढंच म्हणाली.

"चूलही त्याच्याकडूनच मागून आणतो मग!" म्हातारा भडकला. तिनेही विषय तिथेच सोडला.

शनिवारी गिरणीपुढे सगळं खोरं जमलं होतं. जळक्या फळीवर चुन्याची फुली काढली होती, प्रत्येकाला दोन बार होते. इनॉकचा पहिला बार फळीच्या पार तळाशी लागला.

"इनॉककाका, फुली वर आहे हो! खाली काय, बिळं शोधताय?" वायली हसला, आणि त्याच्याबरोबर बाकीचेही.

म्हातारा लालबुंद होऊन ड्रुसीकडे वळला. "ऐकलंस? तुझ्या चिंध्या!"

इतक्या लोकांदेखत! आता मात्र तिचा तोल गेला. गवतातली चिंधी उचलून तिने त्याच्या नाकासमोर धरली. "बघ! फाटलीय? जळलीय? नाचता येईना अंगण वाकडं!"

गडी माना पुढे काढून चिंधी बघू लागले. चिंधी वाचता येत नाही असा तिथे एकही नव्हता. इनॉकने ती पाहिली आणि मग स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. वळलेली बोटं सरळ करून बघितली, झाली नाहीत. ड्रुसीला वाटलं, आपली जीभ झडली असती तर बरं. हाच माणूस आता बंदूक वायलीपुढे टेकवणार, घरी येणार आणि बसणार.

वायलीचं हसू मावळलं होतं. त्याने खिशातून मापटं काढून पुढे केलं. इनॉकने ते घेतलं नाही. त्याने पिशवीतून गोळी काढली आणि ती बायकोच्या हातावर ठेवली.

"सरळ धर. हलू नकोस."

दारूची काळी धार तिच्या सपाट तळव्यावर पडू लागली.

"काका, आता काकूचा हात लागतो होय?" मागून कुणीतरी विचारलं.

"लागतो," इनॉक मान न वळवता म्हणाला. "माझा गेला रे." मग तिला म्हणाला, "पुरे?"

इतक्या वर्षांत दारूबद्दल त्याने तिला काहीही विचारलं नव्हतं. डोळे भरल्यामुळे तिला गोळी नीट दिसेना. "अजून थोडी," ती म्हणाली. गोळी झाकल्यावर तिने ती उचलली, तळहात नळीच्या तोंडाशी नेला आणि दारू आत सोडली. चिंधी तिचीच, नेहमीची, तागाची.

गोळी फुलीला चाटून बसली. वायलीची तिच्यापेक्षा जरा आत होती, त्यामुळे बैलाची मागची, जास्त मांसाची तंगडी त्याला गेली. इनॉकच्या वाट्याला पुढची आली, आणि घरी येईपर्यंत तो वायलीच्या नावाने खडे फोडत होता. ड्रुसीला ते ऐकून इतकं बरं वाटलं, की तिने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

सोमवारी उजाडताच तो बंदूक खांद्यावर टाकून दारात उभा राहिला. ती पीठ मळत होती.

"चल की! खारी काय तुझ्या भाकरी होईपर्यंत थांबणार आहेत?"

"माझे हात पिठाचे आहेत."

"मग धू," म्हातारा म्हणाला, "आणि नीट कोरडे कर. दारू ओली व्हायची."