वावरातल्या खोल्या

माझ्या बहिणीच्या वावरात गेल्या उन्हाळ्यात एक खोली बांधली गेली. विटा मातीत रचल्या, बाहेरून सिमेंटचा हात फिरवला, वर टिनाचे पत्रे टाकून दगड ठेवले. या खोलीत कोणी राहणार नाही हे मिस्त्र्याला ठाऊक होते. गावातल्या दुसऱ्या वावरांतही त्याने अशाच खोल्या बांधल्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटले असते, गाव शिवारात राहायला निघाले आहे.

गाव केळापूरच्या पुढे, नाल्याच्या काठाने वसलेले. ताई लग्न होऊन तिथे गेली. मी यवतमाळला असतो. बातम्या लिहिण्यात आणि इतरांच्या बातम्या तपासण्यात माझी सगळी नोकरी सरली. ताईच्या गावात मात्र मी साळा आहे, आणि साळ्याची थट्टा करायचा हक्क तिथल्या प्रत्येक पुरुषाला आहे.

ताईचे वावर मोठे नाही. भाऊजींच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा त्या वस्तीत एकाही घराकडे जमीन नव्हती. पुढे एका मोठ्या मालकाची जादा जमीन सरकारने काढून घेतली आणि तिचे तुकडे या घरांना वाटले. अशी जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. ताईला विकायची नव्हतीच. लग्नाआधी ती आमच्या आईबरोबर दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायची. सकाळी कोणीतरी दारात येऊन हाक मारायचे आणि या दोघी विळे घेऊन निघायच्या. सासरच्या वावराबद्दल ती एवढेच सांगायची, "इथं मले कोनी बोलवाले येत नाई. मी आपल्या मनानं जातो अन् आपल्या मनानं येतो." पुन्हा कोणाच्या हाकेची वाट पाहत दारात उभे राहायचे नाही, एवढीच तिची मागणी आहे. जमीन गेली तर ती मागणी संपते.

दोन हिवाळ्यांपूर्वी शिवारात भोके पाडणारी मशीन आली. लांब नळीतून दगडाचे गोल तुकडे निघायचे आणि पेट्यांमध्ये ओळीने मांडले जायचे. सोबत आलेल्या तरुण साहेबाने लोकांना हिंदीत समजावले की खाली एक खनिज असू शकते. ते बॅटरीत लागते, त्यावर गाड्या चालतात, धूर होत नाही, देशाला त्याची फार गरज आहे. खनिजाचे नाव गावात कोणाच्या तोंडी बसले नाही. ते 'बॅटरीवालं' म्हणूनच राहिले.

त्या दिवसांत मी पांढरकवड्याच्या एका मित्राची बॅटरीवरची स्कूटर घेऊन ताईकडे गेलो होतो. पारावरच्या एका म्हाताऱ्याने हात करून थांबवले.

"साळेबुवा, हे गाडी कायवर चालते?"

"बॅटरीवर."

"मंग पाह्य लेका," तो शेजारच्याला म्हणाला, "बहिनीचं वावर खाऊन राह्यला अन् वरून पाहुनचाराले आला."

सगळे हसले. मीही हसलो. चहा आला.

खोल्यांची कल्पना भाऊजींच्या मामांची. ते वणीकडे, राजूरजवळ राहतात. त्यांची शेती कोळशाच्या खाणीत गेली त्याला बराच काळ झाला. वणीकडच्या लोकांना खाण येण्याआधीची लक्षणे आमच्यापेक्षा लवकर कळतात. मशीनची बातमी ऐकून ते एसटीने आले, वावर पायांनी फिरून पाहिले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "मोजनी व्हायच्या आधी खोली बांध. संत्रा लाव. विहिरीले कठडा कर."

"कायले, मामा?" ताईने विचारले.

"मोबदल्याले, बाई. रिकामं वावर होतं त्याले रिकाम्या वावराचं भेटलं. ज्याची खोली होती त्याले खोलीचं भेटलं, झाडाचं भेटलं. मी नाई बांधली. मले कोनी सांगतलंच नाई. म्हून तुले सांगाले आलो."

"पन आमाले जायाचंच नाई."

"आमाले कुठं जायाचं होतं? आमाले पुसाले कोनी आलतं काय?"

मामा खोटे बोलत नव्हते. त्यांच्या अनुभवात खाण येणार की नाही हा प्रश्न नव्हताच. ती येते, माणसाच्या हातात फक्त तयारी असते. कोळशाच्या पट्ट्यात लोकांनी हे शिकून घेतले आहे, आणि सोयऱ्याला ते सांगणे हा मायेचा भाग आहे. मामांनी आमच्या भागातला फरक लक्षात घेतला नाही. इथे आदिवासी क्षेत्राचा कायदा लागू आहे. जमीन घेण्याआधी ग्रामसभेला विचारावे लागते. 'नको' म्हणायची जागा होती. ती कोणालाही खरी वाटली नाही.

त्या रात्री जेवताना ताईने भाऊजींना विचारले, "जायाचं नाई तं बांधाची कायले?"

"नाई जायाचं," भाऊजी म्हणाले. "पन गेलोच तं?"

खोली बांधली गेली. मामांची गोष्ट घरोघर गेली होती. कोणी पत्र्यांची शेड टाकली, कोणी न्हाणीघराचा ओटा घातला. कपाशीच्या पऱ्हाटीशेजारी संत्र्याची कलमे इतकी दाट लागली की एकही झाड पुरते वाढले नसते. नाल्यापलीकडे कोलामांची वस्ती, त्यांचे पोड, आहे. त्यांचे राजूरकडे कोणी सोयरे नाहीत. त्यांनी काहीच बांधले नाही.

नंतर मोजणीवाले आले. त्यांनी प्रत्येक खोलीचा मोबाइलवर फोटो काढला, चारही बाजूंनी. दोघेतिघे घरधनी फोटोत उभे राहिले.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात झाली. मी ताईकडे गेलेलोच होतो, म्हणून मागे जाऊन बसलो. पोडावरचे लोकही आले होते आणि कडुनिंबाखाली एकत्र बसले होते. तालुक्याहून आलेले साहेब पन्नाशीचे, सौम्य बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी प्रस्ताव वाचून दाखवला, मराठीत, घाई न करता. मग विचारले, "काय म्हणणं आहे गावाचं?"

"नाई देत," पुढून आवाज आला. मग सगळीकडून आला. बायकांचा जास्त.

साहेबांनी तो ओसरू दिला. "ठीक आहे. तुमचा हक्क आहे. मला फक्त एक समजून घ्यायचंय. जमीन द्यायची नाही, मग वावरात नव्या खोल्या कोणासाठी बांधल्या?"



"बकऱ्याइसाठी," मागून एकजण म्हणाला.

"बकऱ्यांसाठी? एका ठिकाणी न्हाणीघर आहे. तुमच्या बकऱ्या आंघोळ करतात?"

हसू फुटले. हसणाऱ्यांत न्हाणीघर बांधणारा होता. साहेबही हसले आणि मग थांबले. "मी तुमच्या बाजूनेच बोलतोय. उद्या वरचे विचारतील. गाव नाही म्हणतं, पण मोबदल्याची तयारी करून बसलंय. म्हणजे गावाला जमीन द्यायची आहे, फक्त भाव वाढवून हवा आहे. त्यांना मी काय उत्तर देऊ?"

त्यांनी मांडलेली अडचण खरी होती. खोल्या पाडल्या आणि तरीही खाण आली, तर हाती काहीच राहत नव्हते. खोल्या ठेवल्या तर 'नाही' या शब्दाला वजन राहत नव्हते. पोडावरच्यांची वावरे गावच्या वावरांना लागून, एकाच प्रस्तावात, त्यामुळे त्यांचा स्वच्छ नकारही आमच्या खोल्यांत अडकला. कडुनिंबाखालची एक बाई उभी राहून म्हणाली, "आमी नाई बांधलं. आमचं येगळं लिहा." साहेबांनी मान डोलावली. वेगळे लिहिता येईल की नाही हे त्यांनी सांगितले नाही.

तेवढ्यात ताई उठली. डोक्यावरचा पदर नीट केला.

"माह्या वावरातली खोली राहाची हाय. मी राह्यतो तिथं."

"तुम्ही राहता? कधीपासून?"

"राह्यतो म्हनलं नं."

"गावात घर आहे ना तुमचं?"

"हाय. तिथं हे राह्यतात." तिने भाऊजींकडे बोट केले. पुरुषांत पुन्हा हसण्याची लाट आली. कोणीतरी म्हणाले, "भांडन झालं वाटते, बुवा!" भाऊजी जमिनीकडे पाहत होते.

"आमचीबी राहाचीच हाय," दुसरी बाई म्हणाली. मग तिसरी.

साहेबांनी पेन खाली ठेवले. "ठीक. राहत असाल तर प्रश्नच नाही. कोणी येऊन पाहतील तेव्हा दिसेलच. तोवर या गावाचा विषय प्रलंबित ठेवतो."

"कवा येतीन?" ताईने विचारले.

"सांगून येत नसतात, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने चूल, दोन भांडी, एक बाज आणि पाण्याचा माठ बैलबंडीत घातला आणि वावरात गेली. मी आणि भाऊजींनी बाज आत नेली. ती सरळ जात नव्हती, तिरपी करून घ्यावी लागली. शेणाने जमीन सारवायला तिने शेजारणीला बोलावले, पण शेजारीण स्वतःच्या वावरात सारवत होती. आठवड्याभरात गावातल्या बऱ्याच घरांतून कोणी ना कोणी शिवारात राहायला गेले. बहुतेक बायकाच गेल्या. पुरुषांना गावात गुरे होती, म्हाताऱ्यांना औषध हवे होते, शाळेत जाणाऱ्यांना वीज हवी होती. खाणीने गाव उठवू नये म्हणून गावातला निम्मा संसार शिवारात उठून गेला होता.

दिवाळीनंतर मी पुन्हा गेलो. तूर फुलावर होती. खोलीच्या भिंतीला ताईने खिळे ठोकून दोन लुगडी आणि बाबासाहेबांची तसबीर लावली होती. दाराला आतून कडी नव्हती. माणूस आत झोपेल असे बांधताना कोणाच्या मनात नव्हते, म्हणून कडी फक्त बाहेरून बसवली होती. आतून ती दोरीने दार बांधून घ्यायची. शिवारात रानडुकरे फिरतात. मी तालुक्याहून कडी आणि स्क्रू आणले आणि भाऊजींकडे पेचकस मागितला.

भाऊजींनी दिला नाही. "फोटो काहाडले हायत चारी बाजूनं. आता एक खिळा नवा दिसला तं म्हनतीन, पाहा, आनखी बांधून राह्यले."

"आतल्या बाजूचा फोटो कुठाय त्यांच्याकडे?"

"तुमाले काय मालूम?"

ताई चुलीपाशी बसून ऐकत होती. ती मला म्हणाली, "राहू दे, बापू. दोरी घट्ट हाय."

"किती दिवस राहशील अशी?"

"ते येऊन पाह्यतीन तवर."

"आणि आलेच नाहीत तर?"

"मंग बरंच हाय नं. नाई आले म्हनजे वावर आपलंच." ती भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "पन येऊन गेले अन् मी नसली तं?"

मी ज्या कामासाठी गेलो होतो ते नंतर सांगितले. माझ्या मुलीचा साखरपुडा ठरला होता, बाभुळगावला, मुलाच्या घरी. ताई ही मुलीची एकुलती आत्या. ती आनंदली. मुलगा काय करतो, उंच आहे का, सासू बोलायला कशी आहे, सगळे विचारून घेतले. लुगडे कोणते नेसायचे तेही ठरवले, खिळ्यावरचे निळे. मग तिने विचारले, "कवा निंगा लागते?"

"सकाळच्या पहिल्या गाडीने. संध्याकाळी परत."

"म्हनजे दिवस जाते." भाकरी तव्यावर होती, ती उलटायची राहिली. भाऊजींनी उलटली. "वर्किंग डे हाय काय?" तिने विचारले. हा शब्द ती गेल्या काही महिन्यांत शिकली होती.

"गुरुवार."

"मंग येऊ शकतात ते," ती म्हणाली.

मी म्हटले, शेजारच्या वावरातली बाई एक दिवस इथे बसेल. ताईने नकारार्थी मान हलवली. त्या बाईला तिची स्वतःची खोली होती. दोन्ही ठिकाणी एकीला कसे दिसता येईल? भाऊजी बसले तर? ग्रामसभेत तिने सर्वांसमोर सांगितले होते की ते गावातल्या घरी राहतात. साहेबांनी ते ऐकले होते. आम्ही तिघांनी आणखी दोन-तीन उपाय काढले. प्रत्येकाला असेच काहीतरी आडवे आले. शेवटी ताईनेच विषय बदलला आणि मला ताटात घ्यायला सांगितले.

साखरपुड्याला भाऊजी एकटे आले. ताईने मुलीसाठी निळे लुगडे धुऊन घडी करून पाठवले होते. माझ्या बायकोने विचारले, "ताई काहून नाई आल्या?"

"कोनीतरी घरी पाह्यजे नं," भाऊजी म्हणाले.

ते जेवले, ताईसाठी बुंदी आणि पुऱ्या बांधून घेतल्या आणि फोटो व्हायच्या आधीच स्टँडकडे निघाले. ही गाडी चुकली असती तर ताईला ते डबा नेऊन देईपर्यंत वावरात अंधार पडला असता.