दार न लागणारी शेड

कराडला हायवेच्या कडेला मुंबईच्या बसची वाट बघत आम्ही चौघं उभे होतो. आई, अण्णा, ताई आणि मी. दोन बॅगा होत्या, त्यातली एक नुसती चटण्या, मेतकूट आणि कुकरने भरलेली. आईच्या सूचना चालूच होत्या. कानटोपी काढू नकोस, पोचल्यावर फोन कर, एकटा असलास तरी ताट वाढून घेऊन जेव, पातेल्यातून खाऊ नकोस. अण्णा गप्प होते. पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालेला माणूस, शब्द जपून वापरायची सवय. बस आली, बॅगा डिकीत गेल्या, मी खिडकीशी बसलो, आणि अण्णा एकदम बसमध्ये चढून आले. वाकून म्हणाले, "एकच सांगतो. घरात बाटली आणायची नाही. बाकी तू शहाणा आहेस." कंडक्टरने बेल मारली तसे घाईघाईने उतरले.

ही सूचना उगीच नव्हती. अण्णांचे मोठे भाऊ, आमचे बापूकाका, पीत असत. दंगा नाही, शिवीगाळ नाही. संध्याकाळी आपल्या खोलीत जायचे, आतून कडी लावायचे आणि सकाळी बाहेर यायचे. एके सकाळी आलेच नाहीत. दाराला खांदा लावला तो अण्णांनी. मी तेव्हा दहावीत होतो, आणि त्यानंतर आमच्या घरात दारूचा विषयसुद्धा निघत नसे.

ही दोन हजार तीनची गोष्ट. इंग्लंडात रीडिंगला आलो, एका घरात भाड्याची खोली घेतली, ऑफिसची आयडी गळ्यात घालून रुबाबात फिरलो, आणि नोव्हेंबर लागताच रुबाब उतरला. चार वाजता अंधार! साडेपाचला ऑफिसमधून निघायचं म्हणजे मध्यरात्री निघाल्यासारखं वाटायचं. खोलीवर येऊन पातेल्यातूनच खिचडी खायचो. फोनवर आईला सांगायचो, हो, ताट वाढून घेतलंय. माझ्यासारखे जे तेव्हा आले होते त्यांना ती खोली वेगळी सांगायला नको. एखाद्या वीकेंडला शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत मी तोंडातून शब्द काढलेला नसायचा, टेस्को या दुकानातल्या काउंटरवरचा 'थँक्स' सोडला तर.

लग्न झालं, मेधा आली, मागे बाग असलेलं लहानसं घर मिळालं, आणि बागेच्या टोकाला एक लाकडी शेड. शेडचं दार ओलाव्याने फुगलेलं, काही केल्या लागायचं नाही. शेजारी ग्रॅहम. ट्रेन ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेला, बायको वारलेली, बडबड्या. तो घरी बिअर करायचा, पण त्याची पाठ गेली होती आणि भरलेला केग काही त्याला उचलवेना. "यू लुक लाइक अ स्ट्राँग लॅड," असं कुंपणावरून म्हणाला. आयुष्यात मला असं कुणीही म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे मी लगेच उडी मारून गेलो. दोन महिन्यांत त्याचा जुना फ्रिज, गॅसचा सिलिंडर आणि दोन केग माझ्या शेडमध्ये आले, आणि मी त्याचा चेला झालो.

केग म्हणजे स्टीलचा उंच डबा, आपल्याकडच्या दुधाच्या कॅनचा लांबचा भाऊ. वर दोन तोट्या. एकीतून कार्बन डायऑक्साइड आत जातो, दुसरीतून बिअर नळाला येते. बिअर आधी थंडगार करायची, मग रेग्युलेटर बेताच्या प्रेशरवर ठेवून आठवडाभर हात लावायचा नाही. गॅस आपोआप बिअरमध्ये मुरतो. लोणच्यासारखंच, घाई केली की बिघडलं. मला खरं सांगायचं तर पिण्यापेक्षा ते मुरवणंच आवडायला लागलं. शनिवारी संध्याकाळी ग्रॅहमचे दोस्त आपापले मग घेऊन बागेतून थेट शेडमध्ये यायचे. मीही एक ग्लास घ्यायचो.

"आणि अण्णांचं काय?" मेधा विचारायची.

"अण्णा म्हणाले बाटली आणायची नाही. बाटली कुठंय? केग आहे."

"ही वकिली त्यांच्यापुढे कर हं."

ती वेळ आली दोन हजार सातच्या जूनमध्ये. अण्णांचा व्हिसा अपेक्षेपेक्षा लवकर आला. आई येऊ शकली नाही, ताईचं बाळंतपण होतं. मी ठरवलं होतं की अण्णा यायच्या आत सगळं ग्रॅहमकडे हलवायचं. पण नेमका त्याच शनिवारी ग्रॅहमचा सत्तरावा वाढदिवस, दोन्ही केग भरलेले, गॅस मुरत लावलेला आणि बिअरचा शब्द मी दिलेला. आता हलवलं तर सगळं ढवळलं जाणार. म्हटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे, अण्णा कशाला जातायत शेडमध्ये!

अण्णा बुधवारी आले. गुरुवारी मेधा आणि मी कामावर गेलो, आणि अण्णा बागेत शतपावली घालायला निघाले.

शेडमधून सूं सूं आवाज येत होता. अण्णांनी फुगलेलं दार ढकललं. आत सिलिंडर, सिलिंडरला रेग्युलेटर, रेग्युलेटरला नळी, आणि गॅस लीक! वास मात्र नाही. कराडमधल्या माणसाला दुसरं काय सुचणार? त्यांनी रेग्युलेटर बंद केला. दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. मग थेट ग्रॅहमची बेल वाजवून, "गॅस! कम आउट! नो मॅचस्टिक!" असं ओरडत त्या सत्तर वर्षांच्या माणसाला दंडाला धरून रस्त्यावर काढलं. ग्रॅहम चपला न घालता बाहेर आला. आणि सगळं ऐकून घेतल्यावर अगदी सरळ मनाने म्हणाला, "ओह, दॅट्स ओन्ली द बिअर."

मी ट्रेनमधून उतरून घरी आलो तर दोघंही पुढच्या बुटक्या भिंतीवर बसलेले. ग्रॅहमचा चेहरा शाळेत चुगली केलेल्या पोरासारखा. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते.

जेवताना त्यांनी भात घेतला नाही. पोळीचे तुकडे करत बसले. मला भीती रागाची नव्हती. हे उद्या म्हणतील, मला परत पाठव, आणि मग मी कराडच्या घरात कुठल्या तोंडाने जाऊ? मेधा म्हणाली, "अण्णा, वरण घ्या ना." त्यांनी हातानेच नको म्हटलं. मग मला विचारलं, "किती पितोस?"

"एक ग्लास. शनिवारी."

"कुणाबरोबर?"

मला तो प्रश्नच कळला नाही. म्हटलं, "असतात इथले चार लोक. परवा बघाच तुम्ही." अण्णा हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली. रेग्युलेटर बंद करूनही सिलिंडर रात्रभरात गळून रिकामा, बिअर बेचव, सपक. गावातल्या दुकानातून नवा सिलिंडर आणला आणि भांड्यांच्या साबणाचा फेस करून जोडांना लावत बसलो. आई दर वेळी सिलिंडर बदलला की असंच करायची. मागे दारात सावली पडली. अण्णा. वाकून बघत म्हणाले, "मागच्या बाजूला लाव. तिथे बुडबुडा दिसतोय." खरंच तिथेच वायसर झिजला होता. बदलला. मुरायला आठवडा नव्हता, म्हणून प्रेशर वाढवलं, केग मांडीवर आडवा घेतला आणि हलवत बसलो. अण्णा एवढंच म्हणाले, "पाय अवघडतील. खाली पाट घे."

शनिवारी लोक आले. ग्रॅहम, त्याचे तीन दोस्त, पलीकडच्या गल्लीतली नर्स आणि तिचा नवरा. मी नळ उघडला आणि ग्लासभर नुसता फेस! घाईचा परिणाम. सगळे हसले, मी घामाघूम. अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठले. "अरे, फेस काय वाढतोस लोकांना? प्रेशर कमी कर. आण इकडे." आणि नळ त्यांच्या हातात गेला.

पंगतीत अण्णांसारखा वाढपी आमच्या आळीत नव्हता. ग्लास तिरका धरायला ग्रॅहमने दाखवलं, पुढचं त्यांचं त्यांनी केलं. प्रत्येकाला काठोकाठ एक ग्लास, सोबत मेधाच्या चिवड्याची वाटी. दुसऱ्यांदा कुणी मग पुढे केला की अण्णा वाटीकडे बोट दाखवायचे, "फर्स्ट फिनिश चिवडा." बर्थडे बॉयला तेवढी अर्ध्याची सूट मिळाली. कुणाची बिशाद नव्हती वाद घालायची! स्वतः त्यांनी लिंबू सरबत घेतलं. नर्स त्यांना गुडघ्याचं विचारत होती, ग्रॅहम गॅस-गळतीची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होता आणि माझी छाती चार वर्षांत पहिल्यांदा मोकळी झाली होती.

सगळे गेले तेव्हाही बाहेर लख्ख उजेड होता. अण्णा ग्लास विसळत होते. मी दार ढकलून बंद करायला गेलो, ते नेहमीसारखं अर्ध्यावर अडलं.

"लागत नाही का ते?"

"नाही. रंधा मारून घ्यायला पाहिजे."

"राहू दे." हातातला ग्लास त्यांनी खाली ठेवला. "बापू कडी लावून प्यायचा रे. तू निघालास तेव्हापासून माझ्या डोळ्यापुढे एकच, की परक्या मुलखात तुझी एक खोली आहे आणि आतून कडी आहे. बाटलीचं बोललो, कारण कडीचं कसं बोलू ते कळेना." मग डोळे पुसले, तेही माझ्यासमोर. "सुटलो बाबा."

मला त्यांना त्या पहिल्या नोव्हेंबरच्या खोलीबद्दल सांगता आलं असतं. नाही सांगितलं. तिला कडी होतीच.

तुम्ही तिकडे राहिलेले विचारता, परत कधी येणार? आणि माझ्यासारखे इकडे आलेले एकमेकांना विचारत नाहीत, कारण सगळ्यांचं उत्तर ठाऊक असतं. कराड घर आहेच, तिथला उंबरठा ओलांडताना आता मान खाली जात नाही. पण शनिवारी संध्याकाळी बागेतून कुणी तरी न विचारता, हातातला मग हलवत येतं, तेव्हा मी घरीच असतो. दाराला रंधा मारलेला नाही. मेधा दर उन्हाळ्यात आठवण करते.

दर रविवारी अण्णांचा फोन येतो. तब्येत, पाऊसपाणी नंतर. आधी हेच, "काल कोण कोण आलं होतं?" मी एकेक नाव घेतो. ते शेवटपर्यंत ऐकून घेतात, "बरं," म्हणतात आणि फोन आईकडे देतात.