अर्ध्या मिलिमीटरसाठी आबांशी भांडण

रविवार, १६ फेब्रुवारी २०२५. दुपारचे एक वाजून चाळीस मिनिटे. क्लबच्या व्हरांड्यातील टेबलावर माझ्यासमोर पंचवीस काडतुसे आणि तीन चोक ट्यूब आहेत. चोक ट्यूब म्हणजे बंदुकीच्या नळीच्या तोंडात आट्यांवर फिरवून बसवायची बोटभर लांबीची पोलादी नळी. तिचे तोंड जितके अरुंद, तितका छऱ्यांचा पुंजका आवळलेला राहतो. पहिली ट्यूब, फुल, बंदुकीचे तोंड एक मिलिमीटरने अरुंद करते. दुसरी, मॉडिफाइड, अर्ध्या मिलिमीटरने. तिसरी केवळ पाव. साडेतीन वाजता यांपैकी एक लावून मला हवेत भिरकावलेल्या ठिसूळ तबकड्यांवर पंचवीस फैरी झाडायच्या आहेत. एका तबकडीला एक फैर.

क्लबने यंदा नवा नियम केला आहे. सत्तरी ओलांडलेल्या सभासदाने पंचवीसपैकी किमान अठरा तबकड्या फोडल्या नाहीत, तर नेमबाजांच्या यादीतून त्याचे नाव कमी होईल. यादीतून नाव गेले की माझ्या परवान्याला आधार उरत नाही, आणि एकेचाळीस वर्षे खांद्याला लावलेली बंदूक जमा करावी लागते. मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढून चौदा महिने झाले आहेत.

मघाशी क्लबचा सचिव राजवर्धन मोहिते येऊन गेला.

"पांचाळकाका, सरळ फुल लावा. तुमचा हात आता सावकाश चालतो, तबकडी लांब जाते. आबा असते तर त्यांनी हेच सांगितलं असतं."

आबा म्हणजे राजवर्धनचे वडील, सर्जेराव मोहिते. मला बंदूक धरायला शिकवली ती त्यांनी. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली.

"आबा नाहीत," मी म्हणालो.

"म्हणून तर मी सांगतोय," असे हसून तो मैदानाकडे गेला.

मी आरामखुर्चीत मान टेकवतो. डोक्यावरील पंख्याचे एक पाते किंचित वाकलेले आहे. प्रत्येक फेरीला टक् असा आवाज होतो. डोळे मिटून मी ते आवाज मोजू लागतो. एकतीसपर्यंत मोजल्याचे मला स्पष्ट आठवते. बत्तिसावा आवाज पंख्याचा नाही. कोणीतरी टेबलावर नाणे आपटत आहे.

"काय मिस्त्री, झोपलायस व्हय?"

समोर आबा उभे आहेत. अंगात खाकी जाकीट, मिशा नीट कातरलेल्या, शेवटच्या आजारपणाची खूण कुठेही नाही. तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन कारखान्याच्या टूलरूममध्ये तेहेतीस वर्षे काढलेल्या मला ते चारचौघांत मिस्त्री म्हणत. त्यांच्या हयातीत मी कधी हरकत घेतली नाही.

"हो, मिस्त्रीच आहे," मी म्हणतो. "बसा."

"मेलेल्या माणसाला बस काय म्हणतोस? ते फुल लाव आधी."

"नाही लावणार."

आबांची भुवई वर जाते. हा शब्द त्यांनी माझ्या तोंडून ऐकलेला नाही.

ते टेबलावरील नाणे उचलतात. चांदीचे जुने नाणे, कडा कानशीने घासून त्यांनी स्वतः लहान केलेले. क्लबमध्ये कोणाचीही बंदूक आली की आबा तिच्या तोंडावर हे नाणे ठेवत. नाणे अडकले तर बंदूक फुल. आत पडले तर सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "ही बंदूक न्हवं, बागंत पाणी घालायची झारी हाय." आणि तो सभासद पुढच्या आठवड्यात बंदूक विकायला काढत असे.

"तुझा हात मंदावलाय," आबा म्हणतात. "मंद माणसाला फुलच पायजे. ह्यात डोकं कशाला चालवायचं?"

"डोकं नाही चालवलं. मोजलं."

"परत मोजलंस?"

"परत मोजलं."

तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत आता आम्ही दोघेच आहोत. लेथ बंद आहेत, मात्र त्यांचे पट्टे फिरत आहेत. भिंतीवर माझे बारा कागद टांगलेले आहेत. प्रत्येक ट्यूबचे चार, तीस मीटरवरून एकेक फैर झाडून छिद्रे पाडलेले. आबा पहिल्या कागदाजवळ जाऊन नाक लावून पाहतात.

"हे फुलचं. बघ की, मधी कसं चाळणीगत झालंय! ह्यात तबकडी गावली तर तिचं पीठ हुईल."

"मध्ये सापडली तर. मी तबकडीच्या मापाची पत्र्याची चकती कापली आणि पाऊण मीटरच्या वर्तुळात सगळीकडे फिरवून पाहिली. तीनपेक्षा कमी छरे लागतील अशा जागा मोजल्या. फुलच्या कागदावर सरासरी चौदा निघाल्या, सगळ्या कडेला. पाव मिलिमीटरच्या ट्यूबला सात. मॉडिफाइडला तीन."

"कडेला कशाला जातोयस? मधी मार."

"मी आता मध्ये मारत नाही, आबा."

हे वाक्य उच्चारणे मला जड जाते. म्हणून मी ते पुन्हा, अधिक नेमके उच्चारतो.

"बंदूक झटकन खांद्याला लावून खुणेवर पंचवीस फैरी झाडल्या. माझा नेम तीस सेंटिमीटरपर्यंत ढळतो. फुलचा दाट भाग मधल्या खुणेपासून बावीस सेंटिमीटरवर संपतो. मॉडिफाइडचा छत्तीसवर. माझी चूक जिथपर्यंत पोहोचते, तिथपर्यंत माझे छरे पोहोचले पाहिजेत."

"म्हंजी चुका झाकायला झारी लावणार."

"चुका मोजून त्यांच्या मापाची ट्यूब लावणार."

आबा एक कागद खाली ओढतात, त्याचा कोन वळवतात, आणि त्यात भडंग भरू लागतात. मी ओळखतो: हे १९८७ साल आहे. त्या वर्षी मी प्रथमच असे कागद तयार करून क्लबमध्ये आणले होते, रात्रपाळी संपवून, प्रत्येक छिद्राभोवती निळ्या पेन्सिलीने गोल करून. आबांनी त्यांत भडंग बांधून सभासदांना वाटले होते. छिद्रांतून चुरमुरे गळत होते आणि सगळे हसत होते. मीही हसलो होतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आज्ञेप्रमाणे फुल लावून मी राज्य स्पर्धेची अंतिम फेरी एका तबकडीने हरलो.

आताही चुरमुरे गळत आहेत, कार्यशाळेच्या फरशीवर, माझ्या चपलांवर.

"घे की," आबा कोन पुढे करतात. "तिखट हाय, तुला सोसंल न्हवं?"

"कागद परत द्या."

"मर्दा, किती वर्सं झाली त्याला!"

"अडतीस. कागद परत द्या, आबा."

ते भडंग लेथच्या तबकात ओततात आणि कागद माझ्या हाती देतात. मी घड्या सरळ करतो. छिद्रे जागच्या जागी आहेत.

रुग्णालयातील लांब मार्गिकेत आबा माझ्या पुढे चालत आहेत, पाठ ताठ. दोन्ही बाजूंना खोल्यांऐवजी बंदुकांची कपाटे आहेत. शेवटच्या कपाटात त्यांची स्वतःची बंदूक आहे, जुन्या पद्धतीची; तिची ट्यूब बदलता येत नाही, कारखान्यातून जे तोंड आले तेच कायमचे. या बंदुकीवर आबांनी तेहेतीस पदके जिंकली. या बंदुकीच्या तोंडावर ते नाणे पहिल्यांदा अडकले आणि फुलशिवाय नेमबाजी नाही हा क्लबचा कायदा झाला.

"ही बघ," ते म्हणतात. "हिला इचार तुझी ट्यूब कुठली लावायची ती."

"हिला विचारलंय. तुम्ही गेल्यानंतर राजवर्धननं ही माझ्याकडे साफ करायला दिली होती. मी आतला व्यास मोजायचं बोअर गेज घालून मोजली."

"मग?"

मला थांबता येईल. सहा वर्षे थांबलोच आहे.

"नाणं फक्त तोंड मोजतं, आबा. तोंड नळीपेक्षा किती अरुंद आहे, ते नाण्याला कळत नाही. तुमच्या बंदुकीची नळी मुळातच बारीक आहे. आत अठरा पूर्णांक दोन दशांश, तोंडाशी सतरा पूर्णांक सात दशांश. फरक अर्धा मिलिमीटर."

मार्गिकेत कोणीतरी चाकांची खाट ढकलत नेते. आबा तिला वाट देऊन पुन्हा माझ्याकडे वळतात.

"म्हंजी?"

"म्हणजे तुमची बंदूक फुल नव्हती. आयुष्यभर तुम्ही मॉडिफाइडनं मारलंत."

"खोटं बोलतोस."

"तीन वेळा मोजलं. सकाळी, दुपारी आणि दुसऱ्या दिवशी, धातू गार असताना."

आबा बंदूक उघडतात, रिकामी असल्याची खात्री करतात. ही सवय त्यांचीच, आम्हा सर्वांना लावलेली. मग नळीत डोळा घालून उजेडाकडे पाहत राहतात. त्यांच्या गालावर एक गोल प्रकाश पडला आहे.

"मग माझी पदकं?"

"तुमच्या हाताची. नळीनं तुम्हाला आडकाठी केली नाही, एवढंच. आमच्या नळ्यांनी केली, कारण तुमच्या नाण्यावर विश्वास ठेवून आम्ही सगळ्यांनी खऱ्याखुऱ्या फुल लावल्या."

"हे राजाला सांगितलंस?"

"नाही."

"का रं?"

"त्याला नव्हतं सांगायचं. तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही थांबला नाहीत."

आबांचे ओठ मिशीखाली हलतात. ते माफी मागतील अशी माझी अपेक्षा नाही, आणि ते मागतही नाहीत. आम्ही आता मैदानावर उभे आहोत. तबकड्या ज्या खंदकातून सुटतात तो खंदक समोर आहे आणि त्यात गुडघाभर पाणी आहे. आबा माझा उजवा हात धरून तळव्यावर फुल ट्यूब ठेवतात आणि माझी बोटे एकेक करून मिटवतात. त्यांचा हात उबदार आहे.

"तुझं मोजमाप खरं असंल. तरीबी फुल लाव. अठराच्या खाली आलास तर बंदूक जाईल, केशव. मी सांगतो म्हणून लाव. माझ्यासाठी लाव."

त्यांनी मला नावाने हाक मारली आहे. एकेचाळीस वर्षांत प्रथमच. या एका हाकेसाठी मी १९८७ साली आनंदाने पुन्हा हरलो असतो.

"तुमच्यासाठी एकदा लावली," मी म्हणतो. "आज माझी बंदूक जाणार असेल, तर माझ्या मापानं जाईल."

आणि मी ट्यूब फेकतो. खांद्यापासून, पूर्ण ताकदीने. मी टूलरूममध्ये तेहेतीस वर्षे काढली. कोणतेही हत्यार मी कधी टेबलावर आपटूनसुद्धा ठेवलेले नाही. ट्यूब खंदकावरून चमकत जाते आणि आबा तिच्याकडे तोंड उघडे टाकून पाहतात.

"फेकलीस? तू?"

"मी."

"मिस्त्री, तू फेकलीस?" ते गुडघ्यांवर हात ठेवून हसू लागतात, खोकेपर्यंत हसतात, आणि त्यांच्या हसण्यात मध्येच टक्, टक् असा आवाज येऊ लागतो.

पंखा फिरत आहे. दोन वाजून पस्तीस मिनिटे झाली आहेत. माझा उजवा खांदा दुखत आहे. टेबलावर काडतुसे पंचवीस आहेत. चोक ट्यूब दोन.

मी टेबलाखाली पाहतो, खुर्चीखाली पाहतो. शेवटी व्हरांड्याच्या कठड्यापलीकडे, चार पावलांवर, नुकतेच पाणी दिलेल्या अबोलीच्या वाफ्यात फुल ट्यूब सापडते, तोंड खाली करून चिखलात रुतलेली. आट्यांच्या प्रत्येक फेऱ्यात माती शिरली आहे. अशी ट्यूब बंदुकीत फिरवली तर नळीचे आटे कायमचे जातील. ती मी रुमालात गुंडाळून खिशात ठेवतो आणि मॉडिफाइड ट्यूब बसवतो. आधी हाताने, मग किल्लीने पाव फेरा.

साडेतीन वाजता मी पहिल्या जागेवर उभा राहतो. "पुल!" म्हणतो. तबकडी सुटते, डावीकडे जाते, अखंड जमिनीवर पडते. दुसरीही अखंड पडते.

राजवर्धन मागून जवळ येतो. "काका, अजून वेळ गेलेली नाही. माझी फुल तुमच्या बंदुकीला बसते. देऊ?"

"नको."

"आबा नेहमी म्हणायचे..."

"ते काय म्हणतात ते मी आत्ताच ऐकून आलोय. मागे सरक."

तो मागे सरकतो. मी बंदूक उघडतो, काडतूस घालतो, मिटतो, खांद्याला लावतो.

"पुल!"

पंचवीसपैकी वीस.