पुंगोलचे पाटील

नवे बिऱ्हाड लिफ्टपाशी पोहोचण्याआधी त्याच्या दारात पाटलांचा डबा उभा असे. पिठले, भाकरी, वर मिरचीचा ठेचा. पुंगोलच्या नव्या वसाहतीतल्या भिंतींना अजून ओल्या रंगाचा वास होता, तांबड्या मातीवर गवत धरले नव्हते आणि काही स्टेशनांवर एलआरटीची छोटी गाडी थांबतच नसे, कारण उतरायला कोणी नव्हते. परदेशातल्या त्या ओसाडीत पहिला मराठी संसार त्यांनी थाटला, म्हणून सारे त्यांना पाटील म्हणू लागले. आडनाव वेगळेच होते; ते विचारायला तेव्हा कोणाला सवड नव्हती.

पहाटे कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडची रिफायनरी गाठायची आणि संध्याकाळी कोणासाठी तरी फ्लॅट पाहत हिंडायचे, हा त्यांचा क्रम. "वहिनी, खाडीकडचा घ्या. वारा फुकट मिळतो," त्यांनी मलाही सांगितले होते. घरामागून घर भरले. पहिल्या गणपतीचे मखर त्यांनीच खांद्यावरून आणले.

पुढच्या एप्रिलमध्ये ते दारोदार फिरले. "बाबासाहेबांची जयंती आहे. खाली व्हॉइड डेकवर, तळमजल्याच्या मोकळ्या जागेत. सगळ्यांनी यायचं!" सगळे 'हो हो' म्हणाले. त्या संध्याकाळी तसबिरीवरचा मोगरा मलूल होत गेला, खिरीवर साय धरली आणि खुर्च्यांच्या रांगांत त्यांचे कुटुंब व आम्ही नवराबायको, एवढेच बसलो होतो.

"पप्पा, नोबडी कमिंग लाह," त्यांची लेक म्हणाली.

"ट्रॅफिक असेल गं."

सगळे त्याच इमारतीत राहत होते.

दुसऱ्या दिवसापासून लोकांना त्यांचे आडनाव आठवू लागले. पाटील ही हाक हळूहळू विरली. एका नव्या घरून डबा न उघडताच परत आला. "सासूबाई आल्यात ना, त्यांचं जरा कडक असतं," दारातली सून गोड हसून म्हणाली. भाद्रपदात निरोप आला, "मखराचं यंदा आम्ही बघतो. तुम्ही दर्शनाला या."

ते दर्शनाला गेले नाहीत. शहराच्या दुसऱ्या टोकाला, चोआ चू कांगला घर घेऊन त्यांनी सामान ट्रकवर चढवले. मी म्हटले, "भाऊ, हे सगळं तुम्ही वसवलंत. तुम्हीच का जाता?"

दोर आवळता आवळता ते म्हणाले, "वहिनी, इथं गावकूस नव्हतं, म्हणून तर मी आलो होतो. लोकांनी येताना ते बॅगेतून आणलं."

ट्रक वळला. मजल्यामजल्यावरून लसणाच्या फोडणीचे वास खाली उतरत होते. दार मात्र एकही उघडले नाही.