शेवटच्या भागातला खुनी

आठ भागांच्या एका खुनाच्या मालिकेने माझ्या आईला फसवलं. अजूनही अंधेरीच्या बाजारात गिऱ्हाईकाला ताजेपणा कळावा म्हणून पापलेटचा कल्ला उघडून दाखवताना तो वास नाकात गेला, की मला ती दुपार आठवते आणि डोकं तापतं. कल्ला दाखवल्याशिवाय भाव बोलायचा नाही, हे तिनेच मला शिकवलेलं. तिचं विसरणं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं, पण जन्मभर मासळी विकलेल्या त्या बाईला खोटं बोलणारा माणूस लगेच कळायचा. खुनी ओळखण्यात तिचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं. "धाकटा दीर गं! बघ, एवढा रडतो पण नाक काही ओढत नाही," असं ती पहिल्याच भागात म्हणाली. त्या दुपारी शेवटच्या भागात मात्र भलताच माणूस खुनी निघाला, आधी एकदाही न दिसलेला. आईने विचारलं, "हा कधी आलेला गं? मी विसरले वाटतं." मी ओरडले, "आये, तो आलाच नव्हता! लबाडी केलीय मेल्यांनी!" "राहू दे, मला बरं वाटावं म्हणून बोलतेस." तेव्हापासून तिने खुनी ओळखणं सोडलं; मी मालिका लावली, की ती भिंतीकडे तोंड करून झोपते. मी एक मासा दाखवून पिशवीत दुसराच टाकला, तर भर बाजारात लोक माझ्या झिंज्या धरतील. मग ज्याने हे लिहिलं, त्याने आमच्या घरी यावं, तिच्यासमोर बसावं आणि सांगावं, की आजी, तुम्ही काहीच विसरला नव्हतात.