एकोणीस पॉइंट आठचं आंदोलन

आमच्या शाळेत विज्ञानाचे प्रयोग होत नसत. ते उतरवले जात. हे मी ठासून सांगते, कारण दहावीच्या वर्षी उतरवणाऱ्यांत मीही होते. एक मूळ जर्नल होतं. कुणाच्या तरी मोठ्या बहिणीचं, तिच्याकडे ते आणखी कुणाकडून तरी आलेलं, खाकी कव्हर तिसऱ्यांदा घातलेलं. ते बाकाबाकावरून फिरायचं. सातपूरच्या आमच्या त्या शाळेत इतक्या शिस्तीनं दुसरं काहीच फिरत नसे. त्यात बघून आकृती काढायची, त्यात बघून निरीक्षणं लिहायची, त्यात बघून दक्षता लिहायची. एका मुलानं तर सरांनी मूळ मालकिणीला दिलेला 'अक्षर सुधारा' हा शेराही लाल पेनानं उतरवला. खाली सरांची सही होती, तीही उतरवली. सरांनी त्याला मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या. मी विचारते, त्याचा काय दोष? बाकी सगळं उतरवलेलं चालतं आणि सहीवरच आक्षेप?

आणि याच जर्नलच्या पहिल्या पानावर छापील प्रमाणपत्र होतं, की सदर विद्यार्थ्याने हे प्रयोग स्वतः केले आहेत. त्याखाली सरांची सही लागे. ती नसेल तर बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाहीत. म्हणजे खोट्या पानाशिवाय खरी परीक्षा नाही. मला हे फार लागलं. पंधराव्या वर्षी मला बरंच काही लागत असे.

एके दिवशी सर मीटिंगला गेले होते आणि झाडायला म्हणून प्रयोगशाळा उघडी होती. मी आणि माझी बाकावरची मैत्रीण आत शिरलो. प्रयोग अकरावा, बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढणे. खिडकीत भिंग धरायचं, मागे कागद धरायचा, लांबच्या वस्तूची स्पष्ट प्रतिमा कागदावर आली की भिंग ते कागद अंतर मोजायचं. मूळ जर्नलमध्ये लांबची वस्तू होती 'झाड'. खिडकीबाहेर एकही झाड नव्हतं. पाच मजली इमारत होती आणि तिच्या डोक्यावर पाण्याची टाकी. पिढ्यान् पिढ्या मुलं त्या टाकीकडे बघत झाड लिहीत होती.

भिंग धरलं आणि कागदावर टाकी आली. एवढीशी, रंगीत, उलटी. खालच्या गॅलरीत एक बाई चादर वाळत घालत होती, तीही उलटी, आणि चादर वरच्या दिशेला लोंबत होती. आम्ही इतक्या हसलो की कागद हलला. मग मैत्रिणीनं प्रयोगशाळेतली लाकडी पट्टी आणली. सर वर्ग गप्प करायला टेबलावर आपटत तीच. मी पट्टीचं टोक भिंगाला लावलं, कागदाजवळचा आकडा वाचला. एकोणीस पॉइंट आठ. तीनदा मोजलं, तीनदा तेच आलं. मूळ जर्नलमध्ये होतं पंधरा पॉइंट दोन.

मी एकोणीस पॉइंट आठ लिहिलं. सरांनी ते खोडलं.

"पंधरा पॉइंट दोन येतं," ते म्हणाले.

"सर, मी मोजलंय."

"मोजायला कुणी सांगितलं होतं?"

आज मी पाण्यासाठी, बससाठी, फुटपाथसाठी पत्रकं लिहिते. त्या सगळ्याचं मूळ हे एक वाक्य आहे.

पहिलं पत्रक त्याच संध्याकाळी लिहिलं. 'विद्यार्थी बंधू-भगिनींनो, आपली फसवणूक होत आहे.' पुढे षड्यंत्र हा शब्द दोनदा होता. मागण्या तीन. भिंग मोजा, मूळ जर्नल जप्त करा, सर्वांना सर्व प्रयोग स्वतः करू द्या. झेरॉक्स काढून मधल्या सुट्टीत गेटवर वाटलं. नववीच्या मुलांनी विमानं केली. वडापाववाल्या मावशींनी उरलेला गठ्ठा मागून घेतला, कारण कागद बरा होता. एकानं विचारलं, म्हणजे उद्या सुट्टी का? कुणाच्या तरी आईनं फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला. तिथं नमस्काराचे हात आले आणि एका काकांनी न वाचताच 'अभिनंदन बेटा' लिहिलं.

वर्ग मात्र पेटला, तो माझ्यावर. तिसरी मागणी मान्य झाली तर सगळ्यांना जर्नल पुन्हा लिहावं लागणार, हे आधी त्यांच्या लक्षात आलं आणि मग माझ्या. बाकावरच्या मैत्रिणीनं जाहीर केलं की ती त्या दिवशी प्रयोगशाळेत नव्हतीच, तिचं पोट दुखत होतं.

सरांनी निरोप दिला, पालकांना आण, तोपर्यंत सही नाही. परीक्षा आठ दिवसांवर आली होती. सगळ्यांच्या जर्नलवर सही झाली होती, फक्त माझं राहिलं होतं. घरी आईचं एकच चालू होतं, सही नाही मिळाली तर वर्ष जाईल. पप्पा म्हणाले, "लिहून टाक ना पंधरा. तुझ्या बापाचं काय जातंय?" हे त्यांनी म्हणावं! पप्पा कंपनीत इन्स्पेक्शनला होते. दिवसभर शाफ्ट मोजायचे.

फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर ते कंपनीच्या गणवेशातच शाळेत आले. खिशाला नेहमीची स्टीलची पट्टी. प्रयोगशाळेत शिरल्या शिरल्या त्यांनी सरांची माफी मागितली, मग माझ्याकडे बघून आणखी एकदा मागितली. सर म्हणाले, मुलगी हुशार आहे हो, पण ऐकत नाही. पप्पा म्हणाले, घरी पण लय डोकं खाते. दोघांचं छान जमलं. सही होणार असं वाटायला लागलं. तेवढ्यात पप्पांनी सवयीनं टेबलावरची लाकडी पट्टी उचलली आणि टोकावरून अंगठा फिरवला.

"सर, ही पट्टी कुठून सुरू होते?"

पट्टी पाचापासून सुरू होत होती. आधीच्या कुठल्या तरी बॅचला गप्प करताना तिचे पहिले पाच सेंटीमीटर उडाले होते. हे अख्ख्या शाळेला माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण शोषण उघडं पाडायच्या घाईत मी ते तुटकं टोक भिंगाला लावलं होतं, तेही तीनदा.

सर हसले असते तर बरं झालं असतं. ते खुर्ची ओढून बसले आणि माझ्या पत्रकाकडे बघत राहिले. माझे कान तापले होते. वजाबाकी मात्र आपोआप झाली.

"म्हणजे चौदा पॉइंट आठ," मी म्हणाले. "पंधरा पॉइंट दोन नाहीच."

"अगं बाई, चार दशांशांनी काय होतंय?"

आता मला वाटलं, पप्पा इथंच माझ्या पाठीत धपाटा घालणार. पण विषय त्यांच्या खात्यातला निघाला होता.

"नाही सर," ते जरा ओशाळूनच म्हणाले, "पॉइंट चार आमच्याकडे चालत नाही. अख्खा लॉट परत येतो."

सरांनी आधी पप्पांकडे बघितलं, मग माझ्याकडे. एकाच घरातले दोन, हे त्यांना तेव्हा कळलं असावं. ते उठले, भिंग घेऊन स्वतः खिडकीत उभे राहिले. पप्पांनी स्टीलची पट्टी लावली. चौदा पॉइंट आठ. सर तरी भिंग खाली ठेवेनात. त्यांनी कागद जरा वर केला, जरा खाली केला. "टाकीवर पोरं चढलीत," ते म्हणाले. पप्पा वाकून बघायला लागले. मला जागाच मिळाली नाही.

शेवटी सरांनी अट घातली. चौदा पॉइंट आठ राहू दे, सही करतो, पण पहिलं पत्रक चुकलं असं दुसरं पत्रक काढ, आणि ते आत्ता माझ्यासमोर लिही. मी बेसिनजवळ उभ्या उभ्या लिहिलं. 'पहिल्या पत्रकातील आकडा पाच सेंटीमीटरने चुकला आहे. चूक आमची आहे. मागण्या कायम आहेत.'

सरांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. शेवटचं वाक्य कशाला, असं विचारलं. मी सांगितलं की त्याशिवाय ते पत्रक होत नाही. पप्पांनी खिडकीबाहेर तोंड केलं. सरांनी सही केली, पण पेन इतकं दाबलं की ती मागच्या दोन पानांवर उमटली.